मागील पानावरून पुढे

'कूपे' हा शब्द तुम्हाआम्हाला कळला तो रेल्वेमुळे. पहिल्या वर्गात दोनच माणसांसाठी जो चिमुकला कप्पा असतो, तो कूपे. त्यात नवं जोडपं तरी जातं नाहीतर बडा साहेब तरी, म्हणजे आपला संबंध खिडकीतून डोकावण्यापुरताच. मूळ शब्द फ्रेंच. अर्थ 'कापलेला'. समोरासमोर बसायची चार माणसांची घोडागाडी पुढून कापून दोघांपुरती केली, तिला फ्रेंच लोक कूपे म्हणू लागले. पुढे घोडे गेले, इंजिन आलं, तरी दोन दारांची, मागे उतरत्या टपाची मोटार कूपेच राहिली. अर्धी गाडी कापल्यावर किंमतही अर्धी व्हायला हवी, हे कॉमर्सच्या कुठल्याही पदवीधराला कळतं. मोटार कंपन्यांना बहुधा सायन्सवाले चालवतात.

जगात एक जमात अशी आहे, की जी गंजून चाळण झालेली जुनी कूपे घरी आणते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्याखाली उताणी पडून काढते. आमच्या हिशेबशास्त्रात मोटारीवर दरसाल 15 टक्के घसारा धरतात. उरलेल्या किमतीवर पुन्हा 15 टक्के, त्यावर पुन्हा. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत घटत जाते पण शून्य कधीच होत नाही. पन्नास वर्षांनीसुद्धा वहीत चार चव्वल उरतातच. ही जमात नेमकी त्या चव्वलांवर भाळते.

गंज म्हणजे काय, तर लोखंड, हवा आणि ओल यांचं संगनमत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो रंगाखाली फुगतो, पत्र्याला फोड आणतो आणि नट-बोल्टच्या आट्यांत असा घट्ट बसतो, की पान्हा मोडेल पण बोल्ट फिरणार नाही. त्यावर जुने मिस्त्री तीन उपाय सांगतात : रॉकेल, शेगडी आणि सबुरी. रॉकेल फटीत झिरपतं, तापवलेला नट प्रसरण पावतो, गंजाची पकड सुटते. सबुरी मात्र घरच्यांनी धरायची असते. मग कुजलेला पत्रा कापा, नवा जोडा, लांबी भरा, घासा, पुन्हा भरा, पुन्हा घासा.

पण पत्रा ठोकून मिळतो, सुटे भाग कुठून आणायचे? कंपनी केव्हाच परलोकवासी झालेली. तेव्हा त्याच जातीची दुसरी मेलेली गाडी शोधायची आणि तिचे अवयव काढून हिला बसवायचे. हिचं दार, तिची बिजागरी, तिसरीचा दिवा. असं करत करत एक दिवस गाडी सुरू होते. सगळे टाळ्या वाजवतात. आणि गर्दीतला एक शहाणा विचारतो, "पण यात मूळ गाडी कितीशी राहिली हो?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरोघरी आजीची विळी असते. पातं तीनदा बदललेलं, पाट दोनदा बदललेला, तरी ती आजीचीच. विळीवर कोणी खटला भरत नाही इतकंच. मोटारीवर मात्र भरला गेला, आणि तोही लंडनमध्ये.

त्या गाडीचं नाव 'ओल्ड नंबर वन'. बेंटले कंपनीची स्पीड सिक्स. ल माँ इथली चोवीस तासांची शर्यत तिने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा चालकांत वुल्फ बार्नाटो होता. जोडीला पहिल्या वर्षी टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किड्स्टन. 1932 साली ती नव्या चासीवर, आठ लिटरचं इंजिन घालून ब्रुकलंड्सच्या शर्यतीत उतरली. तिथल्या उतरत्या कठड्यावरून गाडी बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच ठार झाला. त्यानंतर बार्नाटोने तिला बंद टपाची, सभ्य अशी कूपे करून घेतली. पुढे अनेक वर्षांनी एका मालकाने ती पुन्हा शर्यतीच्या रूपात आणली आणि विकायला काढली. सौदा ठरला एक कोटी पौंडांचा.

एक कोटी पौंड म्हटल्यावर घेणाऱ्याचे डोळे उघडले. तो म्हणाला, ही ती गाडीच नाही. प्रकरण 1990 साली न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर आलं आणि त्यांनी गाडीची अक्षरशः नटबोल्टांसकट उलटतपासणी केली. 1929 च्या गाडीचं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. 1930 च्या गाडीतल्या तीन वस्तू निघाल्या : पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब. चासी, इंजिन वगैरे बाकीचं जुनं सामान होतं ते 1932 चं.

आता हीच गाडी आमच्या काउंटरवर आली असती तर? आमच्याकडे फाटक्या नोटांचा नियम आहे. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे, त्याहून कमी असेल तर नमस्कार. एक दांडा, एक कवच आणि एक खांब म्हटल्यावर मी ती बेंटले "नॉट पेएबल" म्हणून काचेखालून परत सरकवली असती आणि "नेक्स्ट!" म्हटलं असतं.

न्यायमूर्तींनी तसं केलं नाही. त्यांचा निकाल विकणाऱ्याच्या बाजूने गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही गाडी एका दिवसात मोडून दुसरी बनवलेली नाही. ती बदलत गेली, पण मधे कुठेही संपली नाही. प्रत्येक टप्प्यावर ती 'ओल्ड नंबर वन' होती, म्हणून आजही आहे. एवढं वाचून मी मनातल्या मनात टोपी काढली. कारण ही तर आमची खतावणी झाली! पान भरतं, वही भरते, कारकून निवृत्त होतो. पण नव्या पानावर पहिल्या ओळीत 'मागील पानावरून पुढे' एवढं लिहिलेलं असलं, की खातं तेच.

आपल्याकडे तर ही अशी वहीबदल सक्तीचीच होती. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला कारखाना काढून परदेशी सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. 1953 साली सरकारने ठरवलं, की नुसती जोडणी नको, इथे बनवणार असाल तर राहा. त्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र मागे राहिल्या, आणि त्यांचा सांभाळ केला तो चोरबाजाराने, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनी आणि लेथवर हवा तो भाग कातून देणाऱ्या मिस्त्र्यांनी.

आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये अशीच एक शेवर्ले कूपे आहे. मालक आमचे अण्णा. त्यांचे वडील एका शेठजींकडे ड्रायव्हर होते. शेठजींनी निरोपाच्या वेळी ती गंजकी गाडी त्यांनाच देऊन टाकली. डायनॅमो फियाटचा, आरसे अॅम्बॅसडरचे, डावा मडगार्ड पत्र्याच्या पिंपाचा. मधे एक जाणकार गृहस्थ गाडी बघायला आले आणि "यात ओरिजिनल काय आहे?" म्हणून गेले. अण्णा दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना बेंटलेच्या खटल्याची हकीकत सांगितली. "अण्णा, तिच्यात तीनच वस्तू जुन्या निघाल्या. त्यातली एक स्टिअरिंगचा खांब." अण्णा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचं स्टिअरिंग तेच आहे. बाबांचे हात पंचवीस वर्षं त्याच्यावर होते. तुमच्या नोटेच्या हिशेबात हे किती टक्के धरता?"

मला उत्तर आलं नाही. सरकारने 2021 साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी आणली आहे. फी 20,000 रुपये, आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अण्णांची ही तिन्ही जागच्या जागी आहेत, त्यामुळे फॉर्म भरताना अडचण येऊ नये. फॉर्मच्या त्या लहानशा चौकटीत टक्केवारीचा रकाना नाही हे मी तपासून घेतलंय. असता तर मी त्यात एकच ओळ लिहिली असती, आणि कुठल्याही ऑडिटरला ती मान्य करावी लागली असती : मागील पानावरून पुढे.