काचघरातली चूल

1781 साली इंग्लंडातल्या बीकन्सफील्ड गावी, एडमंड बर्क यांच्या बागेतल्या काचघरात एका मराठी ब्राह्मणाचा स्वयंपाक होत असे. नाजूक झाडांना थंडी बाधू नये म्हणून बांधलेली ती जागा. आपल्या पेशवाईच्या दाव्याला लंडनहून बळ मिळावं म्हणून राघोबादादांनी धाडलेले वकील हणमंतराव बर्क यांच्याकडे उतरले होते. सोबत मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. लंडनमध्ये या मंडळींची राहण्या-जेवण्याची आबाळ चालली होती. बर्क पार्लमेंटचे सभासद, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर डोळा ठेवून असलेले. त्यांनी पाहुण्यांना घरी नेलं आणि सोवळ्यात रांधायला काचघर मोकळं करून दिलं.

राजकारण काही साधलं नाही. 1782 च्या सालबाईच्या तहाने राघोबांचा दावाच निकालात निघाला. घरी परतलेल्या ब्राह्मण वकिलांपुढे मग वेगळाच प्रश्न उभा राहिला. सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर येऊन, म्हणजे नव्याने जन्म घेऊन, त्यांना शुद्ध व्हावं लागलं, अशी नोंद फ्रान्सिस विल्फर्ड यांनी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये केली आहे.

कामासाठी नाइलाजाने परदेशी जाणाऱ्या माणसाची आपल्याकडची वंशावळ मांडायची, तर हणमंतरावांपासून सुरुवात करावी. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत येत राहिलेले सगळे प्रश्न त्यांच्या एका खेपेत आहेत: जायचं कोणासाठी, तिकडे खायचं काय, खर्च कोणाच्या शिरावर, आणि परतल्यावर घर घरात घेईल का.

या नाखुशीचं खापर आपण सरसकट धर्मावर फोडतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतित करणाऱ्या कर्मांत धरलेला आहे. त्याच सूत्रात दुसरीकडे तो उत्तरेकडच्या लोकांचा रिवाज म्हणूनही सांगितला आहे. म्हणजे निषेध लिहिला जात होता तेव्हाही जाणारे जातच होते. आपल्या सोपारा, कल्याण आणि चौल बंदरांची नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये येतात, ती काही रिकाम्या धक्क्यांसाठी नव्हेत. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींच्या, यादीत समुद्रगमन पक्कं बसलं आणि दार आवळलं गेलं. पण आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजावर महिनोन्‌महिने काढायचे, तर पाणी कोणाच्या हातचं, भात कोणी शिजवलेला, स्नानसंध्येला जागा कुठली, हे प्रश्न परलोकाइतकेच पोटाचे होते. घरच्या सुखाचे नियम तेव्हा आचाराच्या भाषेत लिहिलेले होते, इतकंच.

हणमंतरावांना काचघर मिळालं, कारण ते राजकारणी पाहुणे होते. साध्या शिपायाने हीच मागणी केली तेव्हा काय झालं, ते 1824 साली बराकपूरला दिसलं. ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी 47 व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीला चितगावकडे कूच करण्याचा हुकूम आला. शिपायाच्या पाठीवर पडशी, खांद्यावर बंदूक आणि अंगावर काडतुसं. वर त्याचं स्वतःचं अंथरूण, पितळेचा लोटा, स्वयंपाकाची भांडी. जातीपातीचे शिपाई एकमेकांच्या भांड्यात रांधत नसत, त्यामुळे हा संसार ज्याचा त्याला न्यावाच लागे. तो लादायला एरवी भाड्याचे बैल मिळत. लढाईने बैलच महाग आणि दुर्मीळ केले. शिपायांनी बैल मागितले, जादा भत्ता मागितला, आणि आपल्याला जहाजात घालणार नाही याची खात्री मागितली. 2 नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. पुढारी म्हणून बिंदी तिवारीला फाशी झाली. 1856 मध्ये तर कायदाच झाला की बंगालच्या फौजेत नव्याने भरती होणाऱ्याने हुकूम होईल तिथे, समुद्रापारही, जायचं. मुंबई आणि मद्रासच्या फौजांत ही अट आधीपासूनच होती.

या दोन टोकांच्या मध्ये आपले रंगो बापूजी गुप्ते बसतात. सातारचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची कैफियत घेऊन ते लंडनला गेले आणि सुमारे 14 वर्षं अडकून पडले. 1847 मध्ये काशीला धनी वारला, तरी वकिली संपली नाही. काम होईल तेव्हा परतू म्हणून गेलेल्या माणसाचं आयुष्य कामातच जातं, ही जात त्यांच्यापासून आपल्याला चांगली ठाऊक आहे.

पुढच्या पिढीत धाडणारा बदलला. 1860 साली महिपतराम रूपराम या गुजराती शिक्षकाला शिक्षणखात्याने विलायतेतल्या अध्यापनशाळा पाहायला पाठवलं. नागर जातीने त्यांना वाळीत टाकलं. 1863 मध्ये मुंबईचे सुधारक करसनदास मुळजी व्यापारी पेढीच्या कामाने इंग्लंडला गेले. त्यांच्याही वाट्याला बहिष्कार आला. काम सरकारचं किंवा पेढीचं, दंड मात्र जाणाऱ्याच्या घराला. पंक्तीतून उठवलं जाणं, लेकीचं लग्न अडणं या खर्चाची भरपाई कोणत्याही खात्याच्या बिलात बसत नव्हती.

1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. त्या आगबोटींवर साहेबलोकांना जे घरचं सुख मिळे, ते करणारे हात बरेचदा गोव्याचे होते. आचारी, खानसामे, वाढपी म्हणून हे तारवोटी समुद्रावर असत. ‘जावं की न जावं’ हा प्रश्न त्यांना परवडणारा नव्हता; मागे शेत तुटपुंजं आणि घर मनीऑर्डरीवर चालणारं. त्यांनी आपली सोय मुंबईत करून घेतली. धोबी तलाव, माझगाव भागातल्या त्यांच्या ‘कुडी’ म्हणजे एकेका गावाची सामाईक बिऱ्हाडं. एक लांब खोली, भिंतीकडेला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, टोकाला देवघरासारखा ऑल्टर, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोट सुटली की माणूस जाई, ट्रंक गावाच्या भरवशावर राही. कंपनी घर देणार नाही हे गृहीत धरून बांधलेलं हे घर होतं.

नोकरीच्या करारात घरच्या सुखाची किंमत स्पष्ट लिहिली गेल्याचं ठळक उदाहरण गांधीजींचं. 1888 मध्ये ते शिकायला निघाले, तेव्हा बोटीत टेबलावर जायचा संकोच वाटून ते केबिनमध्ये बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खात राहिले. जातीने बहिष्कार घातलाच होता. परतल्यावर भावाने नाशिकला गंगास्नान घडवलं. 1893 मध्ये मात्र ते एका पेढीच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेला गेले. अटी अशा: मुदत एक वर्ष, पहिल्या वर्गाचं जाण्या-येण्याचं भाडं, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि 105 पौंड. कस्तुरबा दोन लहान मुलांसह राजकोटला राहिल्या. वर्षाची दोन दशकं झाली, तो इतिहास सर्वांना माहीत आहे. पण करार वाचताना एक गोष्ट लक्षात येते: जाणाऱ्याच्या गैरसोयीचा दर ठरला, मागे राहणारीच्या गैरसोयीचा रकानाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर समुद्राचा धाक गेला. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलं आणि अंतर दिवसांवर आलं. धर्माच्या जागी आता परकीय चलन आलं. सत्तरीच्या दशकात खासगी प्रवाशाच्या हाती अवघे 8 डॉलर पडत. कामासाठी जाणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने रोजची बेताची रक्कम. त्यातून चार पैसे वाचले तर मुलांना कॅलक्युलेटर, बायकोला परफ्यूम. तेव्हा बॅगेत मेतकूट, भाजणी आणि लोण्याइतकं जपून बांधलेलं लोणचं जाऊ लागलं, ते सोवळ्यासाठी नव्हे, दिवसभत्ता वाचवायला. बरणीचं झाकण प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं, ती बनियनमध्ये गुंडाळायची, बनियन बुटात खोचायचं. हे शास्त्र त्या दशकांत घरोघरी सिद्ध झालं.

त्याच सुमारास टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपन्या अमेरिकेत अभियंते धाडू लागल्या, आणि 1990 च्या अमेरिकी कायद्यातून एच-1बी व्हिसा आल्यावर ‘ऑनसाइट’ हा मध्यमवर्गीय घरांतला रोजचा शब्द झाला. आचाराचे जुने प्रश्न विमान कंपन्यांनी चार अक्षरांत बसवले: तिकिटावर ‘एव्हीएमएल’ नोंदवलं की आपल्या पद्धतीचं शाकाहारी ताट, ‘व्हीजेएमएल’ नोंदवलं की जैन. आणि बराकपूरच्या शिपायाला त्याच्या भांड्यांसकट ज्या सरकारने बैल नाकारले, त्याच्या वारस सरकारने 1961 मध्ये म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा काढली. जवानाला चुलीशिवाय गरम जेवण मिळावं म्हणून तिथे पाकिटबंद अन्नाचं तंत्र घडवलं गेलं. पुढे तसलीच पुलाव-राजम्याची पाकिटं अभियंत्यांच्या बॅगांत शिरली.

मग आता तक्रार कसली? विमानात ताट मिळतं, हॉटेलात मायक्रोवेव्ह असतो, जातीतून कोणी काढत नाही. तरीही ‘पुढच्या आठवड्यात फ्रँकफर्टला जावं लागणार’ हे सांगताना माणसाचा चेहरा पडतोच. 2020 च्या टाळेबंदीत बैठका पडद्यावर झाल्या, सौदे ठरले, आणि निम्म्याअधिक खेपा केवळ रिवाजापोटी होत होत्या असं बऱ्याच जणांना वाटून गेलं. विमानं सुरू होताच रिवाज परतला. समोरासमोर बसल्याशिवाय भरवसा बसत नाही, हे धाडणाऱ्यांचं म्हणणं राघोबांच्या वेळचंच आहे, आणि ते खोटंही नाही.

या साऱ्या वंशावळीत घरी राहण्याची ओढ फारशी बदललेली दिसत नाही. ती बोलून दाखवण्याची ऐपत मात्र माणसागणिक वेगळी होती. वकिलाला काचघर मिळालं, बॅरिस्टरला करार, तारवोट्याने स्वतःच कूड उभारली, शिपायाला तोफ. आज कंपनीच्या प्रवास-धोरणात बिझनेस क्लास कोणाला आणि सलग तीन मुक्कामांची खोली दोघांत वाटून कोणाला, हे वाचलं की तीच उतरंड दिसते. आणि त्या धोरणात घरी थांबणाऱ्यांसाठी, म्हणजे मुलांची शाळा, सासऱ्यांचं औषध आणि रात्री दीडचा फोन सांभाळणाऱ्यांसाठी, अजूनही एक ओळ नाही. ज्या सुखासाठी जाणारा झुरतो ते तयार करणारी त्याच घरात आहे. भत्ता ठरवताना तिलाही विचारायची वेळ 1893 मध्येच आली होती.