ट्यूक्सबरीचें निराधारगृह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्समध्यें, बोस्टन शहराच्या वायव्येस, ट्यूक्सबरी नांवाचें एक गांव आहे. तेथील सरकारी रुग्णालयाच्या विस्तीर्ण आवारांत आज शरीराच्या व मनाच्या जुनाट दुखण्यांनीं पीडलेल्यांचे वॉर्ड आहेत, मादक द्रव्यांच्या पाशांतून सुटूं पाहणाऱ्यांसाठीं निवासाची सोय आहे, आणि १८९४ सालच्या जुन्या कचेरींत सार्वजनिक आरोग्याचा इतिहास सांगणारें संग्रहालय आहे. या जागेचा आरंभ मात्र निराळाच होता.

१८४५ नंतर आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडालें आणि उपाशी माणसांचे तांडे बोस्टन बंदरांत उतरूं लागले. गरिबांचा भार गांवानें वाहावा असा तेथला जुना कायदा होता. पण ज्यांस गांवच नाहीं, त्यांचें काय करावयाचें? त्यांच्यासाठीं सरकारनें १८५४ सालीं तीन निराधारगृहें उघडलीं. त्यांपैकीं ट्यूक्सबरीचें एक. पांचशें माणसांच्या बेतानें बांधलेल्या त्या घरांत कांहीं आठवड्यांतच आठशेंच्या वर माणसें कोंबलीं गेलीं. म्हातारे, रोगी, अविवाहित माता, टाकून दिलेलीं मुलें आणि पुढें १८६६ पासून वेडेहि! अशा ठिकाणास आश्रय म्हणावें काय, हा प्रश्नच आहे.

१८७६ च्या फेब्रुवारींत तेथें ॲनी सुलिव्हन नांवाची, दहावें वर्ष सरत आलेली एक मुलगी आली. खुपऱ्यांनीं तिची दृष्टि जवळजवळ गेली होती. धाकटा भाऊ जिमी क्षयानें कमरेंतून अधू झालेला. त्याला पुरुषांच्या वॉर्डांत नेऊं लागतांच तिनें आकांत मांडला, तेव्हां दोघांस स्त्रियांच्या वॉर्डांत एकत्र ठेवण्यांत आलें. थोड्याच महिन्यांत जिमी वारला. ती एकटी चार वर्षें तेथें राहिली. १८८० सालीं तपासणीस आलेल्या फ्रँक सॅनबॉर्न यांच्यापुढें धांवत जाऊन तिनें शाळेंत जाण्याची मागणी केली, आणि त्याच वर्षीं बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेंत तिला प्रवेश मिळाला. १८८७ सालीं हेलन केलरला शिकविण्यास गेली ती हीच ॲनी.

१८८३ सालीं गव्हर्नर बेंजामिन बटलर यांनीं या घराच्या कारभारावर भयंकर आरोप केले. मृतांचीं शरीरें वैद्यकीय शाळांस विकलीं जातात, हा त्यांतलाच एक. चौकशी गाजली. तींत राजकारणहि पुष्कळ होतें, आणि समितीच्या बहुमतानें आरोप मान्य केले नाहींत. तथापि भिंतीआडचें जिणें एकदां चव्हाट्यावर आलें तें आलेंच.

पुढचा पालट मात्र संथ झाला. १९०० सालीं नांवांत 'रुग्णालय' हा शब्द आला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानें वृद्धांस घरबसल्या साहाय्य मिळूं लागलें. सरकारी निराधारगृहांत राहणाऱ्यांस तें वर्ज्य होतें, त्यामुळें देशभर अशीं घरें ओस पडूं लागलीं. ट्यूक्सबरी टिकलें, कारण तोंवर तें रुग्णालय झालें होतें.

आवारालगतच्या पाइन वृक्षांच्या राईंत जुनी दफनभूमि आहे. तेथें सुमारें दहा हजार निराधार पुरलेले आहेत. झाडोऱ्यांत अजून दिसणाऱ्या धातूच्या खुणांवर नांवें नाहींत, नुसते आंकडे आहेत.