पद्मिनीचा डॅशबोर्ड बदलताना

जुन्या मोटारीला नवा रंग देता येतो, इंजिनही उतरवून दुरुस्त करता येते. खरी कसोटी लागते ती डॅशबोर्डपाशी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये आणलेली फियाट ११०० डी पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. टॅक्सी मोडीत निघत होत्या, तोवर त्यांचे मीटर, बटणे, काचा बाजारात येत. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यामुळे हाती असलेला मूळ भाग मोलाचा ठरतो.

कामापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधून छायाचित्र काढावे. काटा हलत नसला, तरी मीटर टाकून देऊ नये. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर चालतो; अनेकदा तीच तुटलेली असते. इंधनाचा काटा पडून असल्यास टाकीतील फ्लोट व अर्थिंग आधी तपासावे. दुसरे मीटर बसवलेच, तर जुना किलोमीटरचा आकडा नोंदवून ठेवावा. अन्यथा गाडीचा इतिहासच पुसला जातो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. मात्र ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. पत्र्याचा डॅशबोर्ड कापून म्युझिक सिस्टीम बसवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. बदललेले मीटर पुन्हा काढता येते, कापलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही.