डिएंग: घटोत्कचाची भट्टी आणि वास नसलेला वायू

मध्य जावात बांजारनगारा नावाचा एक जिल्हा आहे. तिकडे जिल्ह्याला 'काबुपातेन' म्हणतात. खाली सरायू नदीचं खोरं, भातशेती, सालाक या खवल्यांच्या सालीच्या फळाच्या बागा. उत्तरेकडे चढत गेलं की दोन हजार मीटरवर डिएंगचं पठार लागतं. मी तिथे गेलेलो नाही. रात्री लॅपटॉप बंद करायच्या आधी सॅटेलाइट मॅपवर हिंडतो, एवढंच. पण झूम करत गेलं की आपल्यासारख्याचं बोट थबकतं, कारण तिथली दगडी देवळं म्हणजे अर्जुन, भीम, सेंबाद्रा (आपली सुभद्रा), पुंतदेव (युधिष्ठिर), घटोत्कच. श्रीकांडीही आहे. आपला शिखंडी जावात चक्क धनुर्धारी बाई आणि अर्जुनाची बायको आहे!

गंमत अशी, की ही नावं मूळची नाहीतच. देवळं शिवाची, साधारण सातव्या ते नवव्या शतकातली. इथे सापडलेल्या एका शिलालेखाचं साल 809 आहे. पुढे राजसत्ता पूर्वेकडे सरकली, पठार ओस पडलं, मूळ नावं विसरली गेली. खूप नंतर लोकांनी 'वायांग' या सावल्यांच्या खेळातली पात्रं उचलून देवळांना चिकटवली. म्हणून अर्जुनासमोर सेमार आहे, जो व्यासांच्या महाभारतात नाही. तो जावाचा स्वतःचा, पांडवांचा ढेरपोट्या विदूषक-सेवक. भीमाच्या देवळाचं शिखर मात्र फोटोत तरी नीट बघा. कार्ले-भाज्याच्या लेण्यांवर असते तशी घोड्याच्या नालासारखी कमान, आणि प्रत्येक कमानीतून एक चेहरा डोकावतोय.

पठार म्हणजे जुन्या ज्वालामुखीची परात, त्यामुळे पाणी साचतं. देवळं बांधणाऱ्यांनी ते काढायला जमिनीखालून चर खोदले होते. ते बुजले आणि तळं झालं. 1814 साली युरोपियन पाहुणे पोचले तेव्हा अर्जुन मंडळी पाण्यात उभी होती. त्या चरांना लोक 'अश्वत्थाम्याचं बीळ' म्हणतात. वायांगमध्ये तो पांडवांच्या छावणीत भुयार खणून शिरतो ना, म्हणून. ड्रेनेजला इतकं भारी नाव मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

जमीनसुद्धा याच गोष्टीत ओढली गेली. चंद्रादिमुका नावाचं एक उकळतं विवर आहे. तान्ह्या घटोत्कचाला देवांनी त्यात टाकलं आणि तो पोलादासारखा होऊन बाहेर आला, अशी कथा. आजही इंडोनेशियात कडक ट्रेनिंगच्या जागेला 'चंद्रादिमुकाचं विवर' म्हणतात.

माणसं घटोत्कच नसतात. 1955च्या एप्रिलमध्ये एका रात्री डोंगर खचला आणि लेगेतांग ही वाडी आख्खी गाडली गेली. साडेतीनशेच्या आसपास माणसं होती. आता तिथे शेतात एक स्मारकस्तंभ आहे.

20 फेब्रुवारी 1979ची गोष्ट मला जास्त छळते. पहाटे भूकंपाचे धक्के बसले, सिनिला विवरातून वाफ आणि चिखल उडाला. कपुचुकान गावातल्या लोकांनी कुणीही करेल तेच केलं. दिसणाऱ्या धोक्याकडे पाठ फिरवून बातुरच्या रस्त्याने धावत सुटले. त्या रस्त्यावर जमिनीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड येत होता. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड, त्यामुळे सखल भागात साचून राहिलेला. सुमारे दीडशे माणसं वाटेतच मेली. अंगावर भाजल्याची खूण नाही, काही नाही. त्यांनी चूक काय केली, याचं उत्तर शोधायला गेलो तर सापडत नाही. हातात असलेल्या माहितीवर निर्णय बरोबरच होता. माहितीच अपुरी होती.

एबिएत जी. आडे हा गाजलेला गायक याच जिल्ह्यातला. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं सिनिलाच्या दुर्घटनेवर आहे असं मानलं जातं. बसमध्ये गिटार वाजवणारी पोरंही ते म्हणतात.

नंतर पठारावर बटाटा आला. पैसा आला, पक्की घरं आली, आणि उतारांवरची झाडं गेली. कोरड्या मोसमात पहाटे हिमतुषार पडून पीक करपतं. त्याला 'एम्बुन उपास' म्हणतात, म्हणजे विषारी दव. पावसात उघडी माती वाहत सरायूत येते आणि खाली मृचा धरणाच्या जलाशयात बसते. त्याच धरणावर वीज बनते. म्हणजे वरचा बटाटा आणि खालचा बल्ब यांचं भांडण, तेही एकाच जिल्ह्यात.

आता विवरांभोवती वायू मोजणारी यंत्रं आहेत. 2011 मध्ये तिम्बांग विवरातला वायू वाढला तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांना वेळेत हलवलं गेलं. पण बटाट्याचे वाफे विवरांच्या अगदी जवळ गेलेत. ज्वालामुखी खात्याच्या सूचनांमध्ये एक ओळ असते: तिम्बांगच्या परिसरात जमीन खणताना सावध राहा, वायू बाहेर येऊ शकतो. ती सूचना ज्यांच्यासाठी आहे, त्यांचं रोजचं काम खणणं हेच आहे.