पट्ट्यावरून तारेवर : मोटारीच्या पंख्याचा प्रवास

१/
मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला होण्यापूर्वी बोरघाटात एक दृश्य नेहमीचे होते. खोपोली मागे पडली की चढावर एखादी फियाट वा अँबॅसेडर कडेला उभी, बॉनेट उघडे, रेडिएटरमधून वाफ उसळते आहे आणि चालक पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहतो आहे. या वाफेमागे शतकाहून जुना इतिहास आहे. आज जुन्या गाडीला विजेचा पंखा बसवणारा प्रत्येक जण त्याच इतिहासाचे पुढचे पान लिहीत असतो. मात्र मागची पाने न वाचल्यास हे पान जळण्याचा धोका असतो.

२/
कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाणे हीच शीतकरणाची पद्धत होती. १८८८ साली बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा फार मोठा वाटा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. तो कुठेतरी टाकून द्यावाच लागतो.

३/
त्यावर निर्णायक तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनी. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. हवेला भिडणारे पृष्ठफळ इतके वाढले की सुमारे नऊ लिटर पाण्यात काम भागू लागले. गाडी सावकाश चालताना वारा कमी पडू नये म्हणून रेडिएटरच्या मागे एक छोटा पंखाही होता.

४/
पुढे हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरू लागला. रचना साधी आणि भरवशाची. इंजिन फिरते तोवर पंखा फिरतो. पण तिच्यात एक उलटा न्याय दडलेला होता. मोकळ्या रस्त्यावर समोरून भरपूर वारा मिळतो, तेव्हा हा पंखा जोरात फिरून इंजिनाची शक्ती विनाकारण खातो. कोंडीत गाडी उभी राहते, तेव्हा इंजिन मंदावते आणि त्याबरोबर पंखाही. खरी गरज असते त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा ठरतो.

५/
मुंबईने हा उलटा न्याय अनेक दशके सोसला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. तीच शहराची काळी-पिवळी टॅक्सी झाली. युरोपच्या हवामानात आखलेले इंजिन मे महिन्यातल्या मुंबईत, सिग्नलमागून सिग्नल, पट्ट्यावरच्या पंख्याच्या भरवशावर चालत राहिले.

६/
बदल घडला तो प्रथमतः उष्णतेमुळे नव्हे, तर जागेमुळे. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवले जाऊ लागले. मग इंजिनाचे टोक रेडिएटरसमोर न येता बाजूला गेले आणि पट्ट्याने पंखा फिरवणे अवघड झाले. दांते जाकोसा यांच्या आखणीतील १९६४ची ऑटोबियांकी प्रिम्युला आणि १९६९ची फियाट १२८ या गाड्यांत विजेचा पंखा आला. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने आडवे इंजिन आणि विजेचा पंखा सामान्य घरापर्यंत नेले.

७/
विजेचा पंखा शक्य होण्यासाठी आणखी एक गोष्ट आवश्यक होती. जुना डायनामो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नसे. उभ्या गाडीत चार्जिंगचा तांबडा दिवा लुकलुके तो याचमुळे. पूर्ण वेगातही अनेक डायनामो २० ते २५ अँपिअरच्या आसपास थांबत. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि १९६०च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून अल्टरनेटर सामान्य गाड्यांत रुळू लागला. त्यामुळे उभ्या गाडीतही पंख्याला पुरेशी वीज मिळू लागली.

८/
आता जुन्या गाडीकडे वळावे. तिची वायरिंग दिवे, हॉर्न आणि इग्निशन एवढ्याच अपेक्षेने आखलेली. बहुतेक प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधूनच जाई. अशा गाडीला १५ अँपिअर घेणारा पंखा बसवून त्याची तार थेट इग्निशनच्या किल्लीवर जोडली, तर ते काम एक दिवस चालते, एक महिनाही चालते. मग स्विचची जोडणी काळवंडते आणि तारेचे आवरण मऊ पडू लागते.

९/
याचे गणित मोटारीपेक्षाही जुने आहे. गेओर्ग ओम यांनी १८२७ मध्ये प्रवाह आणि रोध यांचे नाते मांडले. जेम्स जूल यांनी १८४०–४१ मध्ये दाखवले की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारीक तार आणि गंजलेली जोडणी मिळून केवळ ०.१ ओमचा रोध झाला, तरी १५ अँपिअरला १.५ व्होल्ट वाटेतच हरवतात. पंखा मंदावतो आणि सुमारे २२ वॉट उष्णता तारेत व जोडणीत साठू लागते. इंजिन थंड करायला निघालेली व्यवस्था स्वतःच तापते.

१०/
उपायही मोटारीच्या आधीचाच आहे. १८३५च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी एका क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक चालवून दुसऱ्या प्रबळ प्रवाहाची वाट उघडण्याची युक्ती वापरली. तारायंत्राने ती उचलली. लांबच्या तारेतून क्षीण होऊन आलेला संदेश रिले नव्या दमाने पुढे पाठवी. मोटारीतील रिले हाच त्याचा वंशज. किल्लीतून जातो सुमारे ०.१५ अँपिअर, पंख्याचा पूर्ण भार मात्र बॅटरीपासून वेगळ्या, जाड तारेने जातो.

११/
गॅरेजमधल्या रिलेवर छापलेले ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, ८७ म्हणजे पंख्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही विद्युतचुंबकाची दोन टोके. या दोहोंपैकी एक टोक रेडिएटरवरील तापमानाच्या स्विचला जोडले की पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत तापताच पंखा आपोआप सुरू होतो. परतीची वाटही तितकीच महत्त्वाची : अर्थची तार रंग खरवडून काढलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसलेली हवी.

१२/
राहिला फ्यूज. १८४७ मध्ये ब्रेगे यांनी तारायंत्र केंद्रांना विजेच्या कडकडाटापासून वाचवण्यासाठी मुद्दाम बारीक तार वापरण्याची शिफारस केली. १८९० साली एडिसन यांना फ्यूजचे पेटंट मिळाले. फ्यूज पंख्याला नव्हे, तारेला वाचवतो. म्हणून त्याची जागा पंख्याजवळ नसून बॅटरीजवळ असते; त्याच्या अलीकडचा तारेचा तुकडा कायम असुरक्षितच राहतो. पंखा सुरू होताना क्षणभर कितीतरी पट अधिक प्रवाह ओढतो, हेही त्याचे माप ठरवताना ध्यानात घ्यावे लागते.

१३/
ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. जतन केलेल्या पद्मिनी आणि अँबॅसेडर आता हौशी मालकांच्या हाती आहेत आणि त्यांना अधिक दाट वाहतुकीत टिकायचे आहे. विजेचा पंखा त्यांना ते बळ देतो. पण संकटाचे रूप बदलतो. पट्टा झिजू लागला की कुरकुरतो, डोळ्यांना दिसतो. तार मात्र काही न बोलता जळते. म्हणून पंख्यापेक्षा अधिक काळजी तारेची घ्यावी लागते, आणि तापमानाच्या काट्यावरची नजर ढळू देता येत नाही.