मोबाईलवरच फोटो कापा, हलका करा, नंबर झाका : अर्ज भरण्याआधी शिकून घ्या

बँक भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. पुतणीनं सगळी माहिती भरली आणि फोटोपाशी गाडी अडली. फोटो टाकला की लाल अक्षरात सूचना यायची, फाईल मोठी आहे. तालुक्याचं नेट कॅफे बंद झालेलं. शेवटी घरातल्याच मोबाईलवर खटपट करून फोटो बसवला आणि रात्री साडेअकराला अर्ज गेला. नीट माहिती असती तर ते काम दहा मिनिटांचं होतं.

अशी वेळ बऱ्याच घरांत येते. म्हणून रोज लागणारी फोटोची चार-पाच कामं इथं एकत्र देत आहे. कॉम्प्युटर लागत नाही, पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी : मूळ फोटोला हात लावू नका

फोटोत बदल करून 'सेव्ह' दाबलं की काही फोनमध्ये नवीन प्रत तयार होते, तर काहींत जुन्या फोटोवरच बदल बसतो. आपल्या फोनमध्ये काय होतं ते एखाद्या बिनकामाच्या फोटोवर करून बघा. 'सेव्ह कॉपी' असा पर्याय दिसला तर तोच दाबा. तो नसेल तर फाईल्स ॲपमध्ये फोटोवर बोट दाबून धरा, 'कॉपी' करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या प्रतीवर काम करा.

दुसरं म्हणजे, जेपीजी फोटो पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो. मूळ फोटो जपलेला असेल तर परत पहिल्यापासून सुरुवात करता येते.

१. फोटो कापणे (क्रॉप)

गॅलरीत फोटो उघडा. खाली 'एडिट' किंवा पेन्सिलचं चिन्ह असतं, ते दाबा. मग 'क्रॉप' घ्या. फोटोभोवती चौकट येते, तिचे कोपरे बोटानं आत ओढा. अर्जासाठी डोकं, मान आणि खांदे येतील एवढंच ठेवा. डोक्यावर थोडी जागा सोडा. फोटो तिरका असेल तर तिथंच सरळ करायची पट्टी असते.

पासपोर्ट फोटो साधारण ३.५ सेंटीमीटर रुंद आणि ४.५ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे उभा. आडवा फोटो काढून नंतर त्याला उभ्या मापात दाबून बसवलं की चेहरा चेपल्यासारखा दिसतो. म्हणून आधी कापायचा, मग माप द्यायचं. हा क्रम उलटा करू नका.

२. उजेड वाढवणे

एडिटमध्येच 'ब्राइटनेस' असतो, त्यानं सगळा फोटो उजळतो. फक्त चेहरा काळा पडला असेल तर 'शॅडोज' वाढवा. त्यानं मागचं आकाश जास्त न भडकता अंधारातला भाग उजळतो. पट्टी एकदम शेवटापर्यंत नेऊ नका, फोटो दाणेदार होतो.

अर्जाच्या फोटोला ब्युटी मोड किंवा फिल्टर लावू नका. परीक्षेच्या दारात फोटो आणि चेहरा जुळवून बघतात. तिथं गोरा केलेला फोटो आपल्याच अंगलट येतो.

३. फोटो हलका करणे

खरी अडचण इथंच येते. फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत ठिपक्यांची गोधडी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या फोटोत असे सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात. बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज मात्र २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो मागतो, म्हणजे फक्त ४६ हजार ठिपके. त्यात फाईल २० ते ५० केबीच्या आत हवी. आपल्या फोनचा फोटो ४ एमबीचा असेल तर तो झाला ४०९६ केबी. म्हणजे सुमारे ८० पट हलका करायचा.

एक सोपा मार्ग सांगतो. क्रोममध्ये 'स्क्वूश' नावाची साईट शोधा. ती गुगलच्या क्रोम टीमनं बनवलेली आहे, फुकट आहे. फोटो कुठं बाहेर पाठवला जात नाही, सगळं काम आपल्याच फोनमध्ये होतं.

- आधी कापून ठेवलेला फोटो तिथं उघडा.
- 'रिसाईज' चालू करा. रुंदीत २०० टाका, उंची आपोआप येईल.
- ती २३० च्या जवळपास आली तर 'मेंटेन ॲस्पेक्ट रेशो'ची खूण काढून २३० टाका. फारच फरक आला तर मागं जाऊन फोटो पुन्हा नीट कापा.
- 'कॉम्प्रेस'मध्ये 'मोझजेपेग' ठेवा. 'क्वालिटी'ची पट्टी कमी केली की केबी कमी, वाढवली की केबी जास्त. आकडा समोरच दिसतो.
- हव्या त्या केबीत बसला की डाउनलोडचं बटण दाबा.

ध्यानात ठेवा, काही अर्जांना कमीत कमी केबीचीही अट असते. ५० च्या आत म्हणून १२ केबीचा फोटो केला तर तोही परत येतो. आणि प्रत्येक अर्जाचं माप वेगळं असतं, म्हणून जाहिरात वाचूनच आकडे टाका.

४. सही

पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेननं सही करा. दिवसा उजेडात, कागदावर हाताची सावली न पडता वरून सरळ फोटो काढा. सहीच्या कडेपर्यंत कापा, थोडा ब्राइटनेस वाढवा म्हणजे कागद पांढरा दिसेल. आयबीपीएसला सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी लागते. कॅपिटल अक्षरातली सही चालत नाही.

५. आधार नंबर झाकणे

लॉजवर, सिम घेताना, कुणाच्या व्हॉट्सॲपवर आपण आधारचा फोटो बिनदिक्कत पाठवतो. काही जण नंबरावर बोटानं काळी रेघ मारतात. पण ती रेघ हायलायटरची असेल तर ती आरपार असते. दिसायला काळी, पण कुणी ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. म्हणून साधा पेन किंवा भरीव चौकोनच वापरा आणि सेव्ह केल्यावर फोटो मोठा करून, उजळून स्वतः तपासा. क्यूआर कोडही झाका, त्यात नाव आणि पत्ता असतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे यूआयडीएआयच्या साईटवरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. फाईलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल.

फ्लेक्सवर फोटो का फाटतो?

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरा ओळखू येत नाही, यात दर वेळी प्रिंटरवाल्याचा दोष नसतो. आपण फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवतो आणि व्हॉट्सॲप त्याला हलका करतं. मोबाईलवर तो छान दिसतो, पण दहा फुटांवर ताणला की चौकटी दिसतात. फ्लेक्ससाठी फोटो पाठवताना पिनच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. मग तो आहे तसा जातो.

नुकसानीचा फोटो : इथं एडिट नकोच

गारपीट, पूर, रानडुकरांनी केलेली नासधूस यांचे फोटो आपण पुरावा म्हणून काढतो. मोबाईलनं काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही नोंद निघून जाते. कापून, रंग भडक करून पाठवला तर बघणाऱ्याच्या मनात शंका येते आणि खरं नुकसानही खोटं वाटतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या कांद्याच्या रोपाचा फोटो बातमीसाठी कापला आणि जुन्यावरच सेव्ह केला. नंतर पंचनाम्याच्या वेळी पूर्ण वावर दिसेल असा फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडं फक्त चार वाफ्यांचा तुकडा उरला होता.

म्हणून असे फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. एक जवळून, एक लांबून बांध किंवा विहीर दिसेल असा काढा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढं पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

बाकी कामांचा सराव आजच करून ठेवा. घरातल्या पोरापोरींचा एक फोटो आणि एक सही बरोबर मापात करून 'अर्ज' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फोटोसकट. शेवटच्या तारखेच्या रात्री धावपळ होणार नाही.