हंस उडाला, पिकाचू बसला

चित्रकलेशी माझा संबंध खातेदारांच्या सह्यांपुरता. समोरची सही मूळ नमुन्याशी जुळते की नाही, एवढंच बघून मी गेली वीस वर्षं बँकेत पोट भरतो आहे. त्यामुळे परवा आमच्या चिरंजीवांनी मोबाईल पुढे करून "बाबा, हे बघा," म्हटलं, तेव्हा सवयीने मी ताडून पाहिलं. सही जुळेना!

चित्र राजा रविवर्म्याचं, 'हंस-दमयंती'. दमयंती जागच्या जागी, साडी तीच, ऐकण्याची ढबही तीच. पण कठड्यावर हंस नव्हता. त्याच्या जागी बसून नळराजाचा निरोप सांगत होता एक पिवळा, लांब कानांचा, उंदराच्या जातीचा प्राणी. नाव पिकाचू. मुक्काम पोस्ट जपान.

"कुणी केलं हे?"

"मीच. दोन ओळी लिहिल्या, मोबाईलने काढून दिलं. अर्ध्या मिनिटात."

मी कडाडलो. आमचं जाफराबाद पूर्णाकाठचं. अजिंठा इथून काही फार लांब नाही, त्यामुळे चित्रकलेचं रक्षण ही आपली वडिलोपार्जित जबाबदारी आहे असं मला अधूनमधून वाटतं. "मूळ ते मूळ! त्याला हात लावायचा नाही," असं बजावून मी चिरंजीवांविरुद्ध पुरावा गोळा करायला बसलो.

पण इतिहासासारखा बेभरवशाचा साक्षीदार नाही. तो लगेच उलटला. मुळात रविवर्म्यानेच काय केलं? पुराणातल्या देवता घेतल्या, युरोपातले तैलरंग घेतले आणि देवतांना आपल्या बायकांसारख्या साड्या नेसवल्या. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग छापून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. घरच्या बायकांनी त्या तशाच ठेवल्या म्हणता? छे! कुणी जर टाचली, कुणी मणी शिवले, कुणी खऱ्या कापडाचा पदर दिला. याच छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१३ साली राजा हरिश्चंद्राला पडद्यावर चालतं केलं. आमच्या चिरंजीवांनी त्या मानाने फक्त हंस हलवला होता.

परदेशात दाद मागावी, तर तिथेही निकाल विरुद्ध. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ साली हिरोशिगे या जपानी चित्रकाराची छापील चित्रं समोर ठेवून तैलरंगात आपली चित्रं केली. वर कडेला आपल्या मनाने जपानी अक्षरंही रंगवली. २०२३ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने त्याच्याच चित्राच्या थाटात, डोक्यावर फेल्ट हॅट घातलेला पिकाचू मांडला. त्या पिकाचूचं कार्ड मिळवायला इतकी झुंबड उडाली की वाटप बंद करावं लागलं. मी बँकेच्या नजरेने पाहिलं. जपानकडून १८८७ साली घेतलेली उचल, १३६ वर्षांनी चुकती. आमच्या शाखेत याहून जुनी थकबाकी निघायची नाही.

तरी मी हार मानली नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत आजीची लक्ष्मी भिंतीवरून उतरवली. रविवर्म्याचीच, कमळावरची. लहानपणापासून तिला हात जोडले, पण काच काढून कधी पाहिलं नव्हतं. पदराला जर होतीच. शिवाय हत्तीच्या पुढ्यात कात्रीने कापलेली एक बैलजोडी चिकटवलेली, आणि तिच्यावर कुंकवाचा जुनाट डाग.

ही बैलजोडी मी ओळखली. पहिल्या निवडणुकीपासूनचं काँग्रेसचं चिन्ह! १९६९ साली पक्ष फुटला आणि पुढे ते चिन्ह कुणाच्याच हाती राहिलं नाही. आमच्या लक्ष्मीने कोणत्या पक्षात प्रवेश केला होता?

आत्याला विचारलं. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली.

"बहात्तरच्या दुष्काळात ढवळ्या-पवळ्या इकले बाबा. चारा नव्हता. पुढचा पोळा आला, तर दावण रिकामी. मायनं निवडणुकीचा जुना कागद काढला, बैलं कापले, लक्ष्मीपाशी चिकटवले अन् कुंकू लावलं. म्हणे, पोळ्याला बैलाबिगर कसं राहावं?"

मी काही बोललो नाही. माझी समजूत काढावी म्हणून की काय, चिरंजीव म्हणाले, "बाबा, मूळ चित्राला हात लावायचा नाही ना? मग हे मी एकदम मूळच्यासारखं करून देतो." त्याने फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या. अर्ध्या मिनिटात डाग गेला, जर गेली, लक्ष्मी छापखान्यातून आल्यासारखी झळाळली. सही तंतोतंत जुळत होती.

आणि मी ओरडलो, "अरे, बैल कुठे गेले? आधी बैल परत आण!"